कूलरचा पंप बदलतांना

नागपूरच्या उन्हाळ्यांत कूलरवांचून दिवस काढणें कठीण. २०१३ च्या मे महिन्यांत येथील पारा ४८ अंशांच्या आसपास गेला होता. पूर्वीं खिडक्यांस वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. आतां तें काम टाकींत बुडालेला एक लहानसा पंप करतो. तो बंद पडला, कीं बाजारांतून नवा आणून घरींच बसविण्याची चाल आहे. काम दहा मिनिटांचें. परंतु कूलरचा धक्का बसून माणसें दगावल्याच्या वार्ता विदर्भांत दर उन्हाळ्यांत येतात, आणि त्यांत लहान मुलेंही असतात.

पंपाची गुंडाळी राळेंत घट्ट बंद केलेली असते. क्षार साचून चाक अडकलें, अथवा टाकी कोरडी पडूनही पंप फिरत राहिला, कीं ती तापते, वेष्टणास तडा जातो, आणि वीज पाण्यांत व पाण्यांतून पत्र्यांत उतरते. कूलर मात्र चालूच राहतो, हेंच यांतील कपट! ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून कोणीं पत्र्यास हात लावला, कीं विजेस जमिनीची वाट त्याच्या देहांतून मिळते. येथें फ्यूज उपयोगी नाहीं. पांच अँपिअरची फ्यूज तारा वांचविण्यासाठीं असते. मनुष्यास एका अँपिअरचा विसावा भागही प्राणघातक ठरूं शकतो.

म्हणून नुसतें बटण बंद करून टाकींत हात घालूं नये. जुन्या जोडणींत बटण कधीं कधीं भलत्याच तारेवर बसविलेलें असतें. प्लगच काढून डोळ्यांसमोर ठेवावा. नव्या पंपाची तार आंखूड पडल्यास सांधा टाकीबाहेर, पाण्याहून वर, बंद डबींत स्क्रूनें आवळावा; चिकटपट्टीचा सांधा पाण्यांत कधींही जाऊं देऊं नये.

पुष्कळ पंपांस दोनच तारा असतात. तेव्हां कूलरच्या पत्र्यास स्वतंत्र हिरवी तार हवी. बोल्टाभोंवतालचा रंग खरवडून ती आवळावी व प्लगच्या जाड पायास जोडावी. हा पाय इतर दोहोंहून लांब असतो. त्यामुळें जमिनीची वाट आधीं जुळते आणि शेवटीं तुटते. तोच काढून टाकून दोन छिद्रांत प्लग बसविणारे महाभागही आढळतात! महालांतील जुना वाडा असो वा धरमपेठेंतील नवी सदनिका, भिंतींतील अर्थिंग खरी आहे कीं नांवाची, हें परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावें. त्याच वेळीं ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घेणें उत्तम. तो जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतील तफावत ओळखून क्षणार्धांत वीज तोडतो. त्यावरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें.

पंप पुरता बुडेल इतकें पाणी भरल्यावरच कोरड्या हातांनीं प्लग लावावा, आणि पत्र्यास हात लावण्याआधीं टेस्टर टेकवावा. दिवा लागल्यास वीज मुख्य स्विचपासून बंद करून वायरमनला बोलवावें. पुढें रोज पाणी भरतांनाही प्लग बाहेर असावा, आणि तें काम मुलांकडे सोंपवूं नये.