लॅपटॉप नवीन, पायथन नवीन. मग पॅकेज इन्स्टॉल का होत नाही?

समजा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. खारघरमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायोइन्फॉर्मेटिक्सची विद्यार्थिनी लॅपटॉपसमोर बसली आहे. प्रोजेक्ट उद्या सकाळी दाखवायचाय. ती 'पिप इन्स्टॉल पायसॅम' टाइप करते आणि स्क्रीनभर लाल अक्षरं उमटतात. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर तिला वाटतं, 'हे आपल्याला जमणारं नाही.'

पण चूक तिची नाहीच.

खारघरचाच विषय का?

टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र 'अ‍ॅक्ट्रेक' इथेच, सेक्टर 22 मध्ये आहे. तिथल्या संशोधकांनी 2016 मध्ये 'टीएमसी-एसएनपीडीबी' हा डेटाबेस सगळ्यांसाठी खुला केला. 62 भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांवरून तो तयार झाला. गाठीतल्या डीएनएमधला कोणता बदल जन्मजात आणि कोणता कॅन्सरमुळे आलेला, हे वेगळं करायला तो मदत करतो.

असा डेटा प्रचंड असतो. निव्वळ पायथनमध्ये त्यावर काम करायचं तर खूप वेळ जाईल. म्हणून अशा सॉफ्टवेअरचं जड काम 'सी' किंवा 'फोरट्रान'सारख्या भाषेत लिहिलेलं असतं. पायसॅमच्या आत 'सी'मधलं कोड आहे. नमपायचा गाभाही 'सी'मध्येच आहे. आपल्याला वर दिसतं ते फक्त पायथन.

मग अडतं कुठे?

दळणाचं उदाहरण घ्या. 'सी'मधलं कोड म्हणजे गहू. कॉम्प्युटरला गहू चालत नाही, पीठ लागतं. ते दळून देणारी गिरणी म्हणजे कंपायलर. विंडोजच्या लॅपटॉपवर ही गिरणी सहसा आधीपासून नसते.

म्हणून बरेच डेव्हलपर पीठ दळूनच पाठवतात. या तयार पाकिटाला पायथनच्या जगात 'व्हील' म्हणतात. पाकिटावर लेबल असतं: पायथनची आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स की मॅक, प्रोसेसर कोणता. तुमच्या मशीनशी जुळणारं पाकीट सापडलं, तर काम काही सेकंदांत होतं.

नाही सापडलं, तर पिप गहूच घेऊन येतो आणि घरी दळायला बसतो. गिरणी नसली की 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस हवं' असा एरर येतो.

गंमत म्हणजे, सर्वात नवं पायथन टाकणारेच यात जास्त फसतात. नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते; तिच्यासाठी सगळ्या पॅकेजची पाकिटं तयार व्हायला आणखी वेळ लागतो.

मग करायचं काय?

पहिलं, एरर वाचा. शेवटी नुसतं 'फेल्ड' लिहिलेलं असतं. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या वर असतं.

दुसरं, पायथनची एखादी आवृत्ती मागची घ्या आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करा. एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात मिसळत नाही.

तिसरं, 'कोंडा' वापरून बघा. पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही तो तयार स्वरूपात आणतो. जीवशास्त्रासाठी त्यात 'बायोकोंडा' नावाचा खास साठा आहे.

चौथं, विंडोजवाल्यांसाठी: पायसॅम आणि बायोकोंडा दोन्ही थेट विंडोजवर चालत नाहीत. आपल्या विद्यार्थिनीचं घोडं इथेच अडलं होतं. अशा वेळी विंडोज 10 किंवा 11 वर 'डब्ल्यूएसएल' सुरू करा. विंडोजच्या आतच लिनक्स मिळतं आणि निम्मी डोकेदुखी संपते.

पाचवं, वैतागून कुठल्याही अनोळखी साइटवरून 'डीएलएल' फाइल उतरवू नका. पॅकेज राहील बाजूला, व्हायरस आत येईल.

आणि चाललं की थांबू नका. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती वापरली, त्याची यादी फाइलमध्ये सेव्ह करा. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तेच विश्लेषण करून तेच उत्तर मिळालं पाहिजे. प्रश्न कॅन्सरच्या डेटाचा असेल, तर ही यादी म्हणजे कामाचा पुरावाच.

तेव्हा पुढच्या वेळी लाल अक्षरं दिसली, की स्वतःला नालायक ठरवण्याआधी एकच विचारा: पीठ मिळालंय की गहू?