कपटाने घेतलेली संमती

कपटाने सारे काही दूषित होते, अशा अर्थाचे एक लॅटिन वचन कायद्याच्या ग्रंथांत वारंवार आढळते. त्यावरून, फसवून करून घेतलेला कागद आपोआप रद्द ठरतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो पुरता खरा नाही. आणि त्यावर विसंबून स्वस्थ बसणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे कपटाने संमती मिळविलेला करार शून्य नसून शून्यकरणीय असतो. म्हणजे फसलेला पक्ष तो रद्द करीपर्यंत करार अस्तित्वात राहतो.

कपटाची व्याख्या कलम १७ मध्ये आहे. खोटे ठाऊक असून खरे म्हणून सांगणे, माहीत असलेली गोष्ट लपविणे, पाळण्याचा हेतू नसता वचन देणे ही त्याची रूपे होत. केवळ मौन हे सहसा कपट नव्हे. अधिनियमातील घोड्याचे उदाहरण या बाबतीत मोठे बोलके आहे. सदोष घोडा मालकाने काही न बोलता लिलावात विकला, तर ते कपट होत नाही. परंतु घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे पित्याचे कर्तव्य ठरते. ‘तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष समजेन’ असे घेणाऱ्याने म्हटल्यावर मालक गप्प राहिला, तर ते मौनही बोलण्यासमान होय. बैलबाजारात वावरणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या एका निवाड्यात महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. कागदाच्या स्वरूपाविषयीच फसवणूक झाली, उदाहरणार्थ गहाणखत म्हणून विक्रीखतावर अंगठा घेतला, तर व्यवहार मुळातच शून्य. फसवणूक केवळ मजकुराविषयी असेल, तर तो शून्यकरणीय. त्या प्रकरणात पतीने पत्नीकडून बक्षीसपत्र घेताना तिला न सांगता जादा जमिनी त्यात घातल्या होत्या. हे तिला थोड्याच दिवसांत कळले, पण दावा मुदतीत दाखल झाला नाही. त्या जमिनींपुरता तिचा हक्क बुडाला.

मुदत अधिनियम, १९६३ नुसार दस्त रद्द करून घेण्याची मुदत ३ वर्षे आहे. कपट उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने ते उघडकीस येऊ शकले असते तेव्हापासून, ती मोजली जाते. दरम्यान एखाद्या तिऱ्हाइताने प्रामाणिकपणे व मोबदला देऊन ती जमीन खरेदी केली, तर न्यायालय करार रद्द करण्यास नकार देऊ शकते.