सपाट चंद्रपुरात घाटाची तयारी

चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटरवर. सायकलवर चढाची हौस भागवायची तर गडचांदूरहून जिवतीकडे, माणिकगडच्या डोंगरात जावं लागतं. पण पाय सपाटीवरही तयार होतात!

🚴 वारा समोरून असताना जड गिअरवर, सीटवर बसूनच ४ मिनिटं दम लागेल असं चालवा, मग ४ मिनिटं सावकाश. असं ५ वेळा, आठवड्यातून दोनदा.

🚴 खऱ्या चढावर उलट करा: गिअर आधीच हलका, पेडल मिनिटाला ७० फेऱ्यांच्या आसपास.

🚴 मे महिन्यात पारा ४५ गाठतो. मोठ्या राइड हिवाळ्यात ठेवा.

🚴 जंगलातल्या रस्त्यांवर पहाटे आणि सांजेला सायकल नको. ती वाघाची वेळ. एकट्याने तर नाहीच.

या हिवाळ्यात जिवतीला कोण कोण येतंय?