नळीकडून पुन्हा घासाकडे

तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगाचे उपचार संपतात, गाठ जाते, रुग्ण घरी येतो. पण नाकातील नळी बरेचदा तशीच राहते. त्या नळीतून ठराविक वेळाने दूध, पेज, सूप दिले जाते. पोट भरते, जिभेला मात्र काहीच लागत नाही. आता तोंडाने खायला काय हरकत आहे, असे घरच्यांना वाटते आणि प्रेमापोटी आधी पुढे केले जाते ते घोटभर पाणी. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या रुग्णासाठी बहुधा तेच सर्वांत अवघड असते.

गिळणे ही वरकरणी सोपी वाटणारी क्रिया आहे. जीभ टाळूवर दाबून घास मागे ढकलते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, श्वासमार्ग बंद होतो, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे सेकंदभरात घडते. पाणी पातळ आणि वेगवान. क्रिया जरा मंदावली की श्वासमार्ग बंद होण्याआधीच ते तेथे पोहोचते. घट्टसर पदार्थ सावकाश सरकतो, त्यामुळे थकलेल्या स्नायूंना अवधी मिळतो. अर्थात फार घट्ट पदार्थ घशातच रेंगाळतो, म्हणून योग्य दाटपणा रुग्णागणिक ठरवावा लागतो.

शस्त्रक्रियेत जिभेचा भाग काढलेला असेल, तर अडचण कोठे आहे हे उघड दिसते. किरणोपचाराचे परिणाम अधिक फसवे असतात. साधारण ६ ते ७ आठवडे चालणाऱ्या या उपचारात तोंड सोलवटते. उपचारानंतर काही आठवड्यांत जखमा भरतात, चव हळूहळू परतते; पण लाळ कमीच राहू शकते आणि स्नायू कडक होत जातात. त्यात नळीमुळे घसा वापराविना राहिला, तर कमजोरी वाढते. म्हणूनच गिळण्याचे व्यायाम उपचारांआधीच शिकवून उपचारांदरम्यानही चालू ठेवण्यावर आणि सुरक्षित असेल तेवढे थोडे तरी तोंडाने घेत राहण्यावर आता भर दिला जातो. नळी वाईट नव्हे; वजन झपाट्याने घटू लागले की तीच उपचार पूर्ण करायला आधार देते.

ठसका लागला नाही म्हणजे सारे ठीक, हा समज घातक आहे. किरणोपचारानंतर घशाची संवेदना बोथट झालेली असू शकते. अन्न श्वासनलिकेत उतरते आणि खोकलाही येत नाही. पुढे ताप, कफ, न्यूमोनिया असा क्रम लागतो. म्हणून तोंडाने सुरुवात करण्यापूर्वी गिळण्याची तपासणी आवश्यक ठरते. त्यासाठी बेरियम मिसळलेले पदार्थ गिळताना क्ष-किरणांखाली चित्रफीत घेतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. त्यावरून हनुवटी छातीकडे झुकवून गिळावे की मान एका बाजूस वळवून, एका वेळी किती घ्यावे, हे स्पीच थेरपिस्ट ठरवतात. शेजाऱ्याला उपयोगी पडलेली युक्ती दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते.

पदार्थांच्या पोताचे ० ते ७ अशा पायऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आता उपलब्ध आहे, पण मराठी स्वयंपाकघरात त्याचे रूप वेगळे दिसते. नाचणीचे सत्त्व, गाळलेले घट्ट वरण, घोटलेली मुगाची खिचडी हे पदार्थ बहुतेकांना आधी जमतात. तिखट, आंबट आणि फोडणीतली मोहरी तूर्त दूर ठेवलेली बरी. शिते तरंगणारी पातळ पेज मऊ वाटते, पण पाणी आधी पळते आणि शिते मागे उरतात. असे दुहेरी पोताचे पदार्थ उशिरा घ्यावेत. चिवडा आणि कोरडी पोळी तर लाळेविना गोळाच धरत नाहीत. जेवताना पाठ ताठ हवी, घास लहान हवा आणि दूरदर्शन बंद हवा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नये. तोंड स्वच्छ ठेवणेही तितकेच महत्त्वाचे, कारण फुफ्फुसात लाळेबरोबर जंतूही उतरतात.

गुटखा, सुपारीमुळे आधीच आखडलेला जबडा हे आपल्याकडचे जादा दुखणे. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर चमचा आत नेणे आणि दात घासणेही कठीण होते. त्यासाठी जबड्याचे व्यायाम नियमित करावे लागतात.

नळी काढण्याची घाई मात्र नको. पुरेसे अन्न, पाणी आणि औषधे तोंडाने सुरक्षितपणे जाऊ लागली आणि वजन टिकले, की डॉक्टर तो निर्णय घेतात. एका जेवणाला पाऊण तास लागत असेल, तर घरच्यांनी ताट उचलण्याची घाई करू नये. पंगतीत मागे राहण्याच्या संकोचाने अनेक रुग्ण लग्नकार्याला जाणेच सोडतात. ब्रिटन व आयर्लंडमधील एका चाचणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गिळण्याच्या स्नायूंना किरणांपासून शक्य तितके वाचवणारे नियोजन केल्यास वर्षभरानंतर रुग्णांना गिळण्याचा त्रास कमी जाणवला. त्यामुळे उपचार ठरतानाच हा प्रश्न डॉक्टरांना विचारता येतो. उपचारांना कित्येक वर्षे उलटल्यावर पुन्हा ठसका लागू लागला किंवा आवाज ओलसर येऊ लागला, तर वयाचा दोष मानून न थांबता तपासणी करून घ्यावी. कडक झालेले स्नायू इतक्या उशिरानेही त्रास देऊ शकतात.