आमवात : मूठ मिटेना, काम सुटेना

र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, हा निव्वळ म्हातारपणाचा आजार नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सूज वेळीच आवरली नाही तर हाड झिजतं, बोटं वाकडी होतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पट अधिक होतो.

अहिल्यानगरच्या दूधदुभत्याच्या घरात तो आधी हातांत जाणवतो. धार काढताना सड दाबायला अंगठा, पेरं आणि मूठ तिन्ही लागतात. तिथेच कळ येते. भाकरी थापायला मनगट साथ देत नाही, भरलेली कळशी उचलवत नाही. सकाळचा ताठरपणा तासभरही टिकतो, आणि कामाची घाई नेमकी तेव्हाच असते.

रुग्णाला किती जमतं हे मोजणारी प्रश्नावली १९८० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून आली. सहज जमलं तर ०, मुळीच जमलं नाही तर ३ गुण. भारतीय रूपात उकिडवं किंवा मांडी घालून बसणं, नळ फिरवणं, भाजीबाजार करणं अशी आपली कामं विचारतात.

सूज काही आठवडे टिकली तर नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नयेत, संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. मेथोट्रेक्झेटची गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. जोडीला फिजिओथेरपी हवी. जिल्ह्यात लोणीच्या प्रवरा रुग्णालयात ती सोय आहे.