दिव्यावर येणारे भुंगेरे : हुमणीची पहिली सूचना

जयसिंगपूर परिसरात वळवाचा चांगला पाऊस झाला की संध्याकाळी ओसरीच्या दिव्यावर तपकिरी भुंगेरे आदळू लागतात. ते चावत नाहीत, म्हणून आपण झाडून बाहेर टाकतो. शेतकरी बंधूंनो, तसे करू नका. यातील बरेचसे उसावरील हुमणीचे प्रौढ असतात.

दिवस मावळताच ते जमिनीतून निघून कडुलिंब, बाभळीवर जमतात. तेथे पाला खातात, त्यांचे मिलन होते आणि पहाटेपूर्वी पुन्हा जमिनीत जातात. एक मादी सुमारे ५० ते ६० अंडी घालते. पावसाळ्यात अळ्या मुळे कुरतडतात. ऊस पिवळा पडून वाळतो आणि बेट सहज उपटून येते. तोवर अळी मोठी झालेली असते, नियंत्रण अवघड जाते.

या किडीची वर्षाला एकच पिढी होते. म्हणून मादीने अंडी घालण्यापूर्वीच भुंगेरे मारावेत.

* रात्री ८ ते ९ दरम्यान फांद्या काठीने हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.
* हेक्टरी एक प्रकाश सापळा लावावा. दिव्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचे घमेले हवेच; नुसता दिवा भुंगेऱ्यांना आपल्याच शेतात बोलावतो.

भुंगेरे बांध ओळखत नाहीत. त्यामुळे ही मोहीम सर्व शिवाराने एकाच वेळी राबवावी.