मुक्या सोबत्यांचें वार्धक्य

आमच्या घरीं मोती नांवाचा कुत्रा १३ वर्षें होता. शेवटच्या वर्षीं तो रात्रीं-अपरात्रीं उठून घरभर फिरूं लागला, दारें ओरबाडूं लागला, विव्हळूं लागला. हा हट्टीपणा समजून मीं त्यास दरडावून कोपऱ्यांत बसविलें. पुढें पशुवैद्यांनीं तपासलें तेव्हां कळलें कीं, त्याची दृष्टि अधू झाली असून मागच्या पायांचे सांधे दुखत होते. जो मला अपराध वाटला, ती त्या मुक्या जिवाची तक्रार होती. ही भाषा आपणांस वाचतां यावी, एवढाच या लेखाचा हेतु.

मोठ्या जातीच्या कुत्र्यास ७-८ व्या वर्षीं, लहान जातीच्या कुत्र्यास व मांजरास १०-११ व्या वर्षाच्या सुमारास वार्धक्य येऊं लागतें. कुत्रा चिंतेनें व्याकुळ झाला म्हणजे ऊन अगर श्रम नसतांहि धापा टाकतो, झोप नसतां जांभया देतो, वारंवार ओठ चाटतो, शेपूट पायांत घालतो आणि धन्यास क्षणभर सोडीत नाहीं. मांजराची रीत निराळी. तें आपलें दुःख लपवितें. अंधाऱ्या कोपऱ्यांत दडून बसणें, नेहमींची जागा सोडून भलतीकडे घाण करणें, एकच जागा चाटून चाटून तेथील केस घालविणें, किंवा उलट अंग स्वच्छ ठेवण्याचेंच सोडून देणें, आणि रात्रीं मोठ्यानें ओरडणें, हीं त्याचीं चिन्हें होत.

याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें, शारीरिक पीडा : सांध्यांचा, दांतांचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, मांजरांत थायरॉईड ग्रंथीचा विकार व वाढलेला रक्तदाबहि आढळतो. दुसरें, इंद्रियांची क्षीणता : बहिरा झालेला प्राणी मागून झालेल्या स्पर्शानेंहि दचकतो. तिसरें, मेंदूची झीज : ती माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखीच असून, तींत प्राणी दिवसा झोपतो, रात्रीं भटकतो आणि ओळखीच्या घरांतहि वाट चुकतो.

म्हणून वृद्ध प्राण्याच्या वागण्यांत नवा फरक दिसतांच त्यास शिक्षा करूं नये. शिक्षेनें भय मात्र वाढतें. तो केव्हां व काय करितो, हें आठवडाभर वहींत टिपून पशुवैद्यांस दाखवावें. मात्र त्यानें अन्न सोडलें असल्यास वाट पाहूं नये. मांजर कांहीं दिवस उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतास गंभीर अपाय होऊं शकतो. आपल्या दुखण्यावरील गोळ्या त्यास कधींहि देऊं नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊं शकते.

घरांत रात्रीं मंद दिवा ठेवावा, गुळगुळीत फरशीवर चटई अंथरावी, सामानाची जागा वारंवार बदलूं नये आणि अन्नाची वेळ चुकवूं नये. जवळ जातांना त्यास दिसेल असें समोरून जावें.

विद्यार्थिमित्रहो, पिल्लाचे लाड सर्वच करितात. परंतु ज्यानें आपल्या दाराशीं आयुष्य घालविलें, त्याच्या थकलेल्या दिवसांत आपण त्याशीं कसे वागतों, यावरून आपल्या दयेची पारख होते. मोतीच्या शेवटच्या चार महिन्यांत त्याच्या उशाशीं दिवा होता. तो आधींच लावावयास हवा होता.